शेअरचं सोडा, आधी पतसंस्थेतल्या पावत्या काढा

प्रश्न: मी सांगलीत विश्रामबागला राहतो. निवृत्त शिक्षक, वय 62. ओळखीचा एजंट एका अंतराळ कंपनीचे बाजारात न आलेले शेअर देतो आहे, पाच वर्षांत दहापट होतील म्हणतो. पतसंस्थेत 11 टक्क्यांनी 18 लाख आहेत. त्यातले 4 लाख मोडू का?

सर, 4 नको, सगळे 18 लाख मोडा. फक्त त्यातला एक रुपयाही त्या एजंटाला देऊ नका.

शेअरचं आधी उरकतो. पाच वर्षांत दहापट म्हणजे दरसाल 58 टक्के. असं सांगून निवृत्त माणसाला शेअर विकणाऱ्याचा मला राग येतो. अंतराळाचा धंदा समजायला विमानाचा आठवा: 1932 मध्ये जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला विमान आणलं, तेव्हा त्यात टपाल होतं. हमखास पैसे देणारं बांधलेलं गिऱ्हाईक आधी, प्रवासी मागून. अवकाशात आज टपालाच्या जागी उपग्रह आहेत. डेनिस टिटो हे पर्यटक 2001 मध्ये सुमारे 2 कोटी डॉलर मोजून अंतराळ स्थानकावर गेले, आणि तिथलं भाडं अजून सामान्यांच्या आवाक्यात नाही. रॉकेटचा खालचा टप्पा 2015 पासून परत उतरतो, ही खरी प्रगती. अख्खं रॉकेट इंधन भरून विमानासारखं पुन्हा उडेल, तेव्हा भाडं पडेल. पण धंदा वाढला म्हणून तुमचा शेअर वाढतोच असं नाही. व्हर्जिन गॅलॅक्टिक या अंतराळ पर्यटन कंपनीचा शेअर 2021 मध्ये 60 डॉलरवर गेला होता, त्यातली 99 टक्क्यांहून जास्त किंमत नंतर बुडाली. तो निदान बाजारात विकता तरी येत होता.

आता तुम्ही न विचारलेलं. बँकेतल्या ठेवीला व्याजासकट 5 लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेला हा विमा नाही. संचालक ओळखीचे आहेत, लाभांश वेळेवर येतो, हे काही तारण नव्हे. आपल्या भागात दारावर कुलूप बघून परतलेले ठेवीदार मी पाहिलेत, त्यात तुमच्या वयाचेच जास्त.

पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज 8 टक्क्यांच्या आसपास, हमी सरकारची. म्हणजे पतसंस्थेत तुम्हाला जादा मिळतात तीन टक्के, वर्षाला 54 हजार. मुद्दल बुडालं तर ते या जादा व्याजातून भरून यायला 33 वर्षं लागतील. तुम्ही तेव्हा 95 चे असाल.

मुदतीआधी मोडल्याने व्याज कापतील, कापू द्या. सगळ्या पावत्या एकदम मोडून देत नसतील तर आधी सर्वांत मोठी मोडा, आणि रक्कम थेट बँक खात्यात घ्या. "सर, पुढच्या महिन्यात या" म्हणाले, तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि पोच घेऊनच उठा.