हप्ता, पगार आणि पाच 'च'

जनसंवादाची पदवी घेतलेली मुलं माझ्याकडे समुपदेशनासाठी साधारण एकाच सुमाराला येतात. अभ्यासक्रम संपून सात-आठ महिने झालेले, बँकेचा पहिला हप्ता जवळ आलेला. प्रश्नही ठरलेला: "मॅडम, मास कॉमला कर्ज काढून चूक केली का?" ऋतुजाची (नाव बदललंय) गोष्ट त्यांतल्या बऱ्याच जणांची आहे.

सांगलीकडची मुलगी, पुण्यातल्या खासगी संस्थेत दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, सहा लाखांचं कर्ज, सहकर्जदार वडील. सात महिने एका न्यूज पोर्टलवर बिनपगारी इंटर्नशिप. एका कंपनीच्या जनसंपर्क (पीआर) विभागाची वर्षाला तीन लाखांची ऑफर हातात होती, तिला ती उत्तर देत नव्हती.

"कर्ज किती?"

"सहा लाख."

"आज किती झालंय?"

ती गप्प.

हा आकडा बहुतेकांना ठाऊक नसतो. शिक्षणाची वर्षं आणि सहसा पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, व्याज मात्र चालू असतं आणि हप्ता ठरवताना ते मुद्दलात मिळवलं जातं. तिने दोन वर्षांच्या सुरुवातीला तीन-तीन लाख उचललेले, दर साडेदहा टक्के, सरळव्याज. पहिल्या तीन लाखांवर तीन वर्षांचे ९४,५००, दुसऱ्यांवर दोन वर्षांचे ६३,०००. हप्ता बसणार तो ७,५७,५०० वर. दहा वर्षांची मुदत घेतली तर साधारण १०,२२०, पंधरा वर्षांची घेतली तर ८,३७०.

पगाराचंही तसंच. सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) तीन लाख म्हणजे महिना पंचवीस हजार, असं मुलं धरून चालतात. मूळ पगार १२,५०० असेल तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,५००, ग्रॅच्युइटीचे सुमारे ६०० आणि स्वतःच्या वाट्याचा पीएफ १,५०० जाऊन हातात २१,४०० येतात. (महाराष्ट्रात पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसायकर नाही, मुलगा असता तर आणखी २०० गेले असते.) कॉट बेसिसवरची जागा, डबा, बस, मोबाईल यांत तिचे १२,५०० जात. उरले ८,९००.

"म्हणजे पंधरा वर्षांचा बसतोय?" तिने दोनदा बेरीज तपासली.

"जेमतेम. मग ऑफर का अडवलीस?"

उत्तर येईना, म्हणून कागद पुढे सरकवला. तिने लिहिलं: "मला पत्रकारच व्हायचंय. पहिल्या नोकरीतूनच कर्ज फिटायला हवं. पीआर म्हणजे खोटं विकणंच. हप्ता चुकला तर सगळं संपलंच. पप्पांना हे कळूच नये."

मी प्रत्येक 'च'ला गोल केला. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीची. आकडे माणसाला जेवढे छळत नाहीत, तेवढे त्यांच्याभोवतीचे आग्रह छळतात, असं मानणारी. आणि या आग्रहासाठी मराठीने एक अख्खं अक्षर राखून ठेवलंय, हे माझं लाडकं निरीक्षण. म्हटलं, "आता 'च' गाळून मोठ्याने वाच." चार वाक्यांपर्यंत तिचा आवाज सैल होत गेला. पाचव्यावर अडला.

"पप्पांची सही कुठे आहे?"

"कर्जाच्या कागदावर."

"मग हप्ता थकल्यावर नोटीस कोणाला जाईल?"

नव्वद दिवस थकलं की खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांत, जातं आणि सहकर्जदाराचा सिबिल स्कोअरही (कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा) घसरतो. हे मी सांगायच्या आत ती रडायला लागली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "म्हणजे सांगायचं की नाही, हा प्रश्न नाहीये. हप्त्याआधी की नंतर, एवढंच आहे." त्या क्षणी मी काहीही न बोलणं हेच माझं काम होतं. एवढ्या वर्षांनी ते मला जमतं.

पुढचं काम सोपं होतं. अशा प्रत्येकाला मी हेच सांगते. हप्ता सुरू व्हायच्या आधी शाखेत जा, जमलेलं व्याज, दर आणि मुदत लेखी घ्या. या काळात जे भराल तेवढा हप्त्याचा पाया खाली येतो. ऋतुजाचं व्याज महिन्याला ५,२५० चढत होतं. त्यात राहण्या-खाण्याचे १२,५०० मिळवले की 'बिनपगारी' इंटर्नशिप तिला महिना १७,७५० ला पडत होती! सुरुवातीला लांब मुदत घ्या, पण ती पुरी करू नका: पंधरा वर्षांत एकूण पंधरा लाख जातात, दहांत सव्वाबारा. पगार वाढला की वरचे पैसे मुद्दलात भरा. बदलत्या दराच्या कर्जाला त्याचा दंड नसतो. अर्जात 'हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा' असं स्पष्ट लिहा. करसवलतीच्या गप्पांना भुलू नका. व्याजाची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते आणि तीन लाखांच्या पगारावर मुळात करच बसत नाही. कंत्राटी कामात दहा टक्के टीडीएस कापला असेल तर विवरणपत्र भरून परत मागा.

ज्यांनी अजून कर्ज घेतलं नाही त्यांनी संस्थेला सर्वांत मोठं पॅकेज विचारू नये, पगारांच्या यादीत बरोबर मध्यावर असलेल्या विद्यार्थ्याचा पगार विचारावा. पहिल्या वर्षी जेवढं हातात येईल त्याहून जास्त कर्ज काढू नये. ऋतुजाने दुपटीहून अधिक काढलं होतं. पुण्यातलं रानडे इन्स्टिट्यूट (विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग) किंवा आयआयएमसीचं (भारतीय जनसंचार संस्थान) अमरावती केंद्र आधी बघावं, तिथलं शुल्क खासगी संस्थांपेक्षा बरंच कमी असतं.

ऋतुजाने ऑफर घेतली. बँकेत पप्पा सोबत गेले. मुदत पंधरा वर्षांची करा, हे साहेबांना त्यांनीच सांगितलं. शेवटच्या भेटीत निघताना ती दारात थांबली. "मॅडम, दोन वर्षांनी मी पत्रकार होणारच."

'च' ऐकू आला. तो मी राहू दिला.