ऊस बिलाचा प्रोग्राम हातात आलाय, तर

पोरा, सांगलीत राहून पहिलंच काम साखर कारखान्याच्या ऊस बिलाचं मिळालं, हे फार चांगलं झालं. पण कोड उघडायच्या आधी कारखान्याच्या वजनकाट्यावर आणि शेती ऑफिसात बसून ये. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, सोसायटीची कपात, तोडणी-वाहतूक हे सगळं तिथली माणसं तोंडपाठ सांगतात. कागदावर त्यातलं निम्मंही नसतं.

आम्ही हे डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, फॉक्सप्रो या डेटाबेसच्या प्रोग्राममध्ये करायचो. डॉसमध्ये मेमरीची साधी मर्यादा ६४० केबी. सगळे सभासद एकदम मेमरीत घेणं शक्यच नव्हतं. इंडेक्स, म्हणजे नोंद चटकन सापडायची सूची, लावून एकेक रेकॉर्ड वाचायचं. आज मेमरी भरपूर आहे, तरी ही शिस्त तू अंगी बाणव.

पैसे फ्लोटिंग पॉइंटच्या, म्हणजे संगणक बायनरीत (०-१ मध्ये) ठेवतो त्या दशांशात ठेवू नकोस. ०.१ हा आकडा बायनरीत नेमका बसतच नाही. लाखो ओळींची बेरीज केली की पैसे इकडेतिकडे होतात, आणि शेतकरी पैशापैशाचा हिशेब विचारतो. तो त्याचा हक्कच आहे. म्हणून रुपयांचे पैसे करून पूर्णांकात साठव. कोबोल ही प्रोग्रामिंगची भाषा १९६० च्या सुमारास आली तीच मुळी असल्या हिशेबासाठी, आणि तिच्यात आकडे बायनरीत न बदलता दशमान पद्धतीनंच ठेवता येतात, म्हणून दशांश अचूक राहतात.

जुन्या फायलींत वर्षाचे दोनच आकडे दिसले तर हसू नकोस. पूर्वी माहिती भोकं पाडून ज्यावर साठवायचे त्या पंच कार्डावर रकाने ८० च असायचे, जागा वाचवणं भाग होतं. पण ०० म्हणजे १९०० की २००० हे प्रोग्रामला कळेना, आणि त्याची किंमत २००० साल येताना जगभर मोजावी लागली.

गाळप सुरू व्हायच्या आधीच काट्यावर जा. नंतर तिथं कुणाला बोलायला फुरसत नसते.