तीन महिने पुरणारे इंजेक्शन: त्यातल्या 'प्लॅस्टिक'चे शरीरात काय होते?

आपल्या वडिलांना प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी दर तीन महिन्यांनी ल्युप्रोलाइडचे इंजेक्शन मिळते, त्यातले औषध 'प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्यांत' असते असे आपल्याला सांगण्यात आले, आणि ते प्लॅस्टिक अंगात साठत जाईल की काय, अशी आपल्याला धास्ती आहे. मी कोल्हापुरात औषधनिर्माणशास्त्र शिकवतो आणि विद्यार्थिदशेत अशाच गोळ्या बनवण्यात दोन वर्षे घालवली आहेत, म्हणून आधी थेट उत्तर देतो: ते साठत नाही.

हे 'प्लॅस्टिक' एक पॉलिमर आहे, म्हणजे लॅक्टिक आम्लाच्या रेणूंची लांबलचक साखळी. काही प्रकारांत तिच्यात ग्लायकोलिक आम्लही गुंफलेले असते. साखळीतले दुवे शरीरातल्या पाण्यानेच हळूहळू तुटतात आणि मोकळे झालेले आम्ल पेशींच्या नेहमीच्या ऊर्जाचक्रात जाऊन शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी होते. जिने चढताना आपल्या स्नायूंत तयार होते तेच हे लॅक्टिक आम्ल. शस्त्रक्रियेतले विरघळणारे टाके याच कुळातले असून १९७० च्या दशकापासून वापरात आहेत. लॅक्टिक आम्ल साखर आंबवून काढतात, त्यामुळे हे प्लॅस्टिक गुळाच्या भाऊबंदांपैकीच, असे आमची ऊसपट्ट्यातली मुले वर्गात म्हणतात, आणि ते फारसे चूक नाही.

एवढा खटाटोप अशासाठी की ल्युप्रोलाइड हे नऊ अमिनो आम्लांचे छोटे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा जणू एक तुकडा, आहे. पोटातून दिले तर ते पचून जाते आणि नुसते टोचले तर काही तासांत रक्तातून नाहीसे होते. पूर्वी ते रोज टोचावे लागे. महिनाभर पुरणारे इंजेक्शन अमेरिकेत १९८९ साली मंजूर झाले.

किती दिवस पुरवायचे हे साखळीच्या घडणीवर ठरते. लॅक्टिकच्या अंगाला पाणी दूर ठेवणारा एक मिथाइल गट असतो, म्हणून त्याचे प्रमाण जितके जास्त तितके विघटन सावकाश: दोन्ही आम्ले निम्मी-निम्मी असतील तर साधारण एक-दोन महिने, पाऊण हिस्सा लॅक्टिक असेल तर चार-पाच महिने. साखळी आखूड ठेवली की हाच काळ कमी होतो. तीन महिन्यांच्या ल्युप्रोलाइडमध्ये बहुधा निव्वळ पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे नुसत्या लॅक्टिकची साखळी, असते. औषध संपल्यावरही पॉलिमरचा थोडा अंश काही काळ मागे राहतो, पण तोही त्याच वाटेने जातो.

गोळी साबणाच्या वडीसारखी बाहेरून झिजत असेल असे वाटते, पण तसे होत नाही. पाणी आतपर्यंत झिरपते, तुटलेले आम्ल आत कोंडले जाते आणि तेच पुढची तोडफोड वाढवते. वाळवी लागलेल्या चौकटीसारखे वरून सगळे शाबूत आणि आत पोकळ. साबणासारखी झिजणारी पॉलिमरेही आहेत: मेंदूच्या गाठीच्या जागी ठेवायच्या कारमुस्टिन या कर्करोगावरच्या औषधाच्या चकत्या, ज्यांना १९९६ मध्ये मंजुरी मिळाली, त्या अशाच एका पॉलिमरच्या आहेत.

खरी डोकेदुखी पहिल्या दिवसाची. गोळीच्या पृष्ठभागापाशी अडकलेले औषध एकदम सुटते. या गोळ्या बनवताना पॉलिमर डायक्लोरोमिथेन या द्रावकात विरघळवून, त्यात औषधाचे पाणी घुसळून, ते मिश्रण पुन्हा दुसऱ्या पाण्यात घुसळले की द्रावक उडून जाता जाता पांढरी, पिठासारखी भुकटी तळाशी बसते. माझ्या पहिल्याच भुकटीने तिसरा हिस्सा औषध एका दिवसात सोडून दिले होते. दुसरा फटका जुलैच्या पावसाने दिला. फ्रीजमधून काढलेली पॉलिमरची बाटली मी गार असतानाच उघडली, आत दव धरले आणि त्या ओलीने साखळ्या वापरण्याआधीच तुटू लागल्या. तेव्हापासून बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय मी झाकणाला हात लावत नाही, आणि मुलांनाही लावू देत नाही.

भुकटी द्रवात मिसळल्यावर लगेच तळाशी बसू लागते, म्हणून सिस्टर ती हलवून तत्काळ टोचतात. त्यात घाई किंवा निष्काळजीपणा नसतो. टोचल्या जागी बारीकशी गाठ हाताला लागली तर ती चोळत बसू नये. दुखली किंवा लाल झाली तर डॉक्टरांना दाखवावी. इंजेक्शन आठवडाभर पुढे ढकलले तर चालेल का, असेही आपण विचारले आहे. साखळ्या तुटणे काही नेमक्या तारखेला थांबत नाही, शेवटी औषधाची धार बारीक होत जाते. पण ती किती बारीक झाली हे बाहेरून कळत नाही, म्हणून तारीख मुद्दाम पुढे नेऊ नये, आणि चुकलीच तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.