अंगण कोण झाडणार?

प्रश्न: आम्ही डोंबिवलीत राहतो. यजमान नुकतेच निवृत्त झाले. दिवाळीत देवरुखला पाहिलेलं एक कौलारू घर त्यांच्या मनात भरलंय. आमचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, तो विकून ते घर घ्यायचं म्हणतात. विकणारे सांगतात, बहिणी मुंबईला असतात, त्या काही मागणार नाहीत. पुढच्या आठवड्यात इसार द्यायचाय. मला धास्ती वाटते, पण बोलले की ‘तू कायम मोडता घालतेस’ ऐकावं लागतं.

उत्तर: ताई, बोला. फ्लॅट तुमच्या सहीशिवाय विकला जाणार नाही, तेव्हा तुमचं ऐकावंच लागेल.

आधी इसाराचं. ‘बहिणी काही मागणार नाहीत’ हे न ऐकलेला वकील कोकणात सापडायचा नाही. वडिलोपार्जित घरात मुलींचाही हिस्सा असतो. एकतर त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, नाहीतर खरेदीखतावर त्यांच्या सह्या. तोवर एक रुपयाही देऊ नका. घरपट्टीची पावती दाखवतील. ती कर भरल्याचा पुरावा, मालकीचा नाही. सातबारा मागा, त्यावरची सगळी नावं वाचा. कोकणात बरीच घरं शेतजमिनीवरच उभी आहेत, आणि आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा घेता येत नाही. जमीन बिनशेती आहे का, हे रत्नागिरीच्या वकिलाकडून तपासून घ्या, मागच्या तीस वर्षांत जागा कुणाकडून कुणाकडे गेली, त्याच्या शोध अहवालासकट. वकील विकणाऱ्याने सुचवलेला नको.

आता तुमच्या धास्तीचं. दिवाळीत देवरुख कुणालाही आवडेल. तेच घर जुलैत बघा. कौलं गळतात, भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत, वीज गेली की कधी येईल त्याचा नेम नाही. पुढे मे महिन्यात विहीर तळाला जाते आणि नेमके तेव्हाच मुंबईचे पाहुणे आंबे खायला येतात. यजमान त्यांना झाडं दाखवत फिरतील. अंगण झाडणं, पाणी भरणं, दहा जणांची घावनं घालणं कुणाच्या वाट्याला येणार, ते तुम्ही ओळखलंय. ते यजमानांना अशाच शब्दांत सांगा.

माझं मत विचाराल तर वर्षभर भाड्याने राहा, जूनपासून मेअखेरपर्यंत. डोंबिवलीचा फ्लॅट विकू नका, भाड्याने द्या. तेवढ्या काळात तिथे तुमचं स्वतःचं काही जमतंय का बघा: वाचनालय, भजनी मंडळ, चार मुलांची शिकवणी. यजमानांचं झाडांवर भागेल, तुम्हाला माणसं लागतील. देवरुख तालुक्याचं ठिकाण आहे, रोजच्या दुखण्याला डॉक्टर मिळेल. मोठ्या दुखण्याला मात्र रत्नागिरी नाहीतर कोल्हापूर गाठावं लागतं. रात्री दोनला कुणाची गाडी मिळते, ते शेजाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.

‘दुसरं गिऱ्हाईक तयार आहे,’ असा निरोप येईल. येऊ दे. कोकणात कुलूप लागलेल्या घरांना तोटा नाही.