वाचक विचारतात : लाल कार्डानंतरचे तीन सामने

प्रश्न : आमच्या हॉकी संघातल्या मधल्या बचावपटूला पंचांना शिवीगाळ केल्याबद्दल लाल कार्ड मिळालं आणि वर तीन सामन्यांची बंदी आली. अर्धा संघ म्हणतो अपील करा, उरलेला म्हणतो त्याला सरावालाही बोलावू नका. काय करावं? (एका क्लबचे प्रशिक्षक)

उत्तर : निदान पहिल्या दिवशी तरी दोघांचंही ऐकू नका. आधी कागद हातात घ्या. त्याच संध्याकाळी तो खेळाडू, कर्णधार आणि जवळ उभा असलेला एखादा सहकारी यांच्याकडून घडलेलं वेगवेगळं लिहून घ्या. दोन दिवसांनी लिहायला सांगितलं तर तिघांच्या आठवणी एकमेकांत मिसळतात आणि स्पर्धेच्या समितीला ते लगेच कळतं. शिवी दिली असेल तर तीच शिवी कागदावर यावी. ‘अपशब्द’ लिहून झाकायला गेलात तर पंचांचा अहवाल वाचला जाताना तुमचाच कागद खोटा ठरतो.

मग स्पर्धेची नियमावली उघडा. अपिलाची मुदत किती, अनामत किती, हे आधी पाहा. मुदत बहुधा थोडी असते आणि ती चर्चेतच निघून जाते. चुकीच्या खेळाडूला कार्ड मिळालं असेल, शिक्षा नियमावलीतल्या मर्यादेबाहेर असेल किंवा खेळाडूचं म्हणणं न ऐकताच निर्णय झाला असेल, तर अपिलात दम असतो. ‘समोरचेही बोलत होते’ एवढ्यावर अपील करू नका. तुमच्या बाबतीत शिवी कबूल असेल तर अनामत वाचवा आणि माफीचं पत्र खेळाडूलाच लिहू द्या.

घोळ होतो तो बंदीच्या मोजणीत. मैत्रीपूर्ण सामना धरतात का? रद्द झालेला सामना? बंदीच्या काळात तो बाकावर बसू शकतो का, दुसऱ्या वयोगटाच्या सामन्यात पंच म्हणून उभा राहू शकतो का? हे संयोजकांना लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. व्यवस्थापकाच्या वहीत त्याच्या नावापुढे तीन रकाने आखा आणि सामना संपला की तारीख भरा. बंदीतला खेळाडू चुकून उतरला तर जिंकलेला सामनाही हातचा जाऊ शकतो, आणि तेव्हा ‘आम्हाला वाटलं तीन झाले’ हे कोणी ऐकून घेत नाही.

सरावाचं म्हणाल तर त्याला जरूर बोलवा. बंदी सामन्यांची आहे, संघातून हकालपट्टी नाही. समितीनं दिलेल्या शिक्षेवर संघानं आणखी एक चढवली तर खेळाडूचा राग पंचांवरून तुमच्यावर येतो. मात्र सरावात त्याची जागा बदला. जो बदली बचावपटू पुढचे तीन सामने खेळणार आहे त्याला मुख्य फळीत उभं करा, आणि याला समोरच्या संघातून त्याच्यावर चाल करायला लावा. बदली खेळाडू तयार होतो आणि याचा सामन्याचा वेगही टिकतो. सामन्याच्या दिवशी त्याच्याकडून वेगळा धावण्याचा सराव करून घ्या, कारण १५ मिनिटांच्या चार डावांची दमछाक नेटमध्ये चेंडू मारून भरून निघत नाही.

आता खरं काम. त्याची आधीची कार्डं काढून बसा आणि प्रत्येक वेळी त्याआधीच्या मिनिटाभरात काय झालं होतं ते पाहा. बहुतेकांचा एक ठरलेला क्षण असतो : चेंडू हातून गेला, मागून टॅकल केलं, शिट्टी वाजली आणि तोंड सुटलं. ‘शांत राहा’ सांगून काही होत नाही. त्या क्षणी शरीराला दुसरं काम द्यावं लागतं. शिट्टी वाजली की चेंडू सोडायचा, पाठ फिरवून पाच मीटर मागे जायचं, पंचांशी फक्त कर्णधारानं बोलायचं. सरावाच्या सामन्यात मुद्दाम चुकीची शिट्टी वाजवा आणि तो काय करतो ते बघा. हुज्जत घातली की पंच फ्री हिट (चुकीबद्दल समोरच्या संघाला मिळणारा मोकळा फटका) दहा मीटरपर्यंत पुढे नेऊ शकतात, हे सगळ्याच संघाला पुन्हा एकदा सांगा.

परतल्यावर पहिल्या सामन्यात त्याला सुरुवातीपासून खेळवू नका, दुसऱ्या डावात आणा. परतलेला बचावपटू एक तर टॅकललाच घाबरतो, नाही तर हिशेब चुकते करायला उतरतो. यातलं कोणतं ते बाकावरून दहा मिनिटांत दिसतं.

प्रश्न : सामन्यात लवकरच लाल कार्ड मिळालं तर दहा जणांनी कसं खेळावं?

उत्तर : पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४ ऑगस्ट २०२४ ला ब्रिटनविरुद्ध भारताचा बचावपटू अमित रोहिदासला १७व्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं. भारत उरलेला सगळा वेळ दहा जणांनी खेळला, १-१ अशी बरोबरी राखली आणि शूट-आउटमध्ये ४-२ नं जिंकला. म्हणजे तग धरता येतो. त्याची किंमत पुढच्या सामन्यात मोजावी लागली. बंदीविरुद्धचं अपील फेटाळलं गेलं, रोहिदासच्या जागी दुसरा घेता आला नाही आणि जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात १६ऐवजी १५ खेळाडूच होते. तो सामना भारत २-३ असा हरला.

मांडणीत एक आघाडीपटू कमी करून गोलरक्षकापुढे ४-४-१ (चार बचावपटू, चार मधले, एक आघाडीपटू) ठेवा. दबाव मध्यरेषेच्या मागून सुरू करा. त्याआधी धावलात तर मधे खिंडार पडतं. पुढे एकटा उरलेला आघाडीपटू सर्वांत जास्त पळतो, म्हणून त्याला तीन-चार मिनिटांनी बदला. पेनल्टी कॉर्नरला (गोलजवळच्या चुकीबद्दल समोरच्यांना गोलरेषेवरून मिळणारा फटका) गोलरक्षकासह पाच जण तरीही गोलरेषेमागे राहू शकतात, त्यामुळे बचाव तेवढाच असतो. उणीव जाणवते ती चेंडू बाहेर काढल्यावर, कारण मध्यरेषेवर पास घ्यायला माणूस कमी असतो. मात्र कार्ड मिळालेला खेळाडूच तुमचा पहिला धावणारा, म्हणजे कॉर्नर सुटताच फटका अडवायला गोलरेषेवरून पुढे झेपावणारा असेल तर दुसरा आधीपासून तयार हवा. नवख्यानं चुकीच्या कोनातून धाव घेतली तर गोलरक्षकाची नजरच अडते.

हिरव्या कार्डावर खेळाडू दोन मिनिटं बाहेर बसतो; ती चेंडू कडेला ठेवून काढता येतात. पिवळ्याची किमान पाच मिनिटं तशी निघत नाहीत; तिथे वरचीच मांडणी लावा. बाहेर बसलेल्यानं तिथूनही हुज्जत घातली तर पंच वेळ वाढवू शकतात, म्हणून त्याच्याशी बोलणारा एकच माणूस ठरवून ठेवा. वेळ संपल्यावर त्यानंच मैदानात परतलं पाहिजे असं नाही, थेट बदली खेळाडू पाठवता येतो. संतापलेल्या खेळाडूसाठी ही सवलत वापरा, फारसं कोणी वापरत नाही.

प्रश्न : कर्णधाराला किंवा गोलरक्षकालाच कार्ड मिळालं तर?

उत्तर : कर्णधार निलंबित झाला की बदली कर्णधार नेमावाच लागतो, म्हणून कर्णधाराच्या दंडावर बांधायची एक जादा पट्टी बाकावर ठेवा. गोलरक्षकाच्या जागी राखीव गोलरक्षक येऊ शकतो, पण मैदानावरचा एक खेळाडू बाहेर काढावा लागतो. पेनल्टी कॉर्नर दिल्यापासून तो पूर्ण होईपर्यंत बदल बंद असतात. बचाव करणाऱ्या गोलरक्षकाला दुखापत किंवा निलंबन झालं तरच सूट मिळते. राखीव गोलरक्षकानं पॅड बांधूनच बसावं. तो पॅड शोधत असताना पंच किती थांबतील याचा भरवसा नाही.