सेलमधला ३४,९९० चा लॅपटॉप घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की मुलगी कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ऑनलाइन सेलमध्ये ५८,९९० चा लॅपटॉप ३४,९९० ला दाखवतायत, रायझन ५ ७५२०यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी स्टोरेज. ऑफर उद्या रात्री संपतेय, तर घ्यावा का?

तुमच्या मुलीसाठी हा घेऊ नका. आमच्या ऑफिसात आणि नात्यात लॅपटॉप घ्यायचा झाला की निवडायचं काम माझ्याकडेच येतं, म्हणून कारणं जरा सविस्तर सांगतो.

आधी ते ५८,९९० डोक्यातून काढून टाका. एमआरपी ही कंपनीने छापलेली कमाल किंमत. त्यापेक्षा जास्त घेता येत नाही, एवढाच तिचा अर्थ. त्या भावाने तो लॅपटॉप कधी विकला गेला होता की नाही, हे त्यावरून अजिबात कळत नाही. किमतींचा इतिहास दाखवणाऱ्या साइट आहेत, तिथे या मॉडेलची लिंक टाका आणि मागच्या काही महिन्यांचा आलेख बघा. तो एरवीही ३६-३७ हजारांच्या आसपासच मिळत असेल, तर तुमची बचत हजार-दोन हजारांची आहे, चोवीस हजारांची नाही. शिवाय ३४,९९० मध्ये बँकेच्या कार्डाची सूट किंवा जुन्या लॅपटॉपचा एक्स्चेंज धरलाय का, तेही बघा. पेमेंटच्या पानापर्यंत जाऊन शेवटचा आकडा वाचायचा, तोच खरा. नो कॉस्ट ईएमआय (व्याजाइतकी सूट देऊन केलेले हप्ते) घेणार असाल तर बँक त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लावते आणि बहुतेकदा प्रोसेसिंग फीही घेते, ते पैसे वेगळे जातात.

आता मुख्य मुद्दा, प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू. जाहिरातीत मोठ्या अक्षरात ‘रायझन ५, ७००० सिरीज’ लिहितात आणि आपण तेवढंच वाचतो. पण रायझन बनवणाऱ्या एएमडी कंपनीच्या या सिरीजमध्ये तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण आतली रचना कोणत्या पिढीची आहे ते तो सांगतो. ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे ‘झेन २’ नावाची रचना. ही रचना २०१९ ची. चिप २०२२ मध्ये आली, नाव नवं मिळालं, पण आत चारच कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) आहेत. ७५३०यू मध्ये तिसरा आकडा ३, म्हणजे झेन ३, आणि कोअर सहा. नावात एका आकड्याचा फरक, दोघांवर स्टिकर ‘रायझन ५’ चाच, पण कामाच्या वेगात दोन्हींत बरंच अंतर आहे. इंटेलमध्येही हेच. नुसतं ‘आय ५’ बघून काही कळत नाही. आय ५-१२३५यू म्हणजे बारावी पिढी, ११३५जी७ म्हणजे अकरावी. पूर्ण नंबर पानावर कुठेच दिला नसेल तर तो लॅपटॉप सोडून द्या, सूट कितीही असो.

तुमच्या केसमध्ये मला प्रोसेसरपेक्षाही रॅमची जास्त काळजी वाटते. ७५२०यू फक्त एलपीडीडीआर ५ प्रकारची रॅम घेतो आणि ती बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली असते. ‘आत्ता ८ जीबी घेऊ, पुढच्या वर्षी वाढवू’ हा पर्यायच नाही. त्या ८ मधली थोडी ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेली असते, उरलेल्यात विंडोज ११, ब्राउझर आणि तिचं कोडिंगचं सॉफ्टवेअर. सी किंवा पायथनचे प्रोग्रॅम आरामात चालतील. पण डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी बरीच मुलं अँड्रॉइड ॲपचा प्रोजेक्ट घेतात, आणि त्यासाठीचं सॉफ्टवेअर अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसकट (लॅपटॉपवरच चालणारा नकली फोन) चालवायचं तर १६ जीबी लागते. ८ वर एम्युलेटर उघडला की मशीन अडकायला लागतं, प्रत्येक क्लिकनंतर थांबायचं. पोरगी शिकायला उत्साहाने बसलेली असते, तिचा तास नुसता वाट बघण्यात जावा हे मला खरंच बघवत नाही.

हाच लॅपटॉप बी.कॉम.च्या मुलाला, वर्ड-एक्सेल, ऑनलाइन लेक्चर आणि टॅलीपुरता हवा असता, तर भाव तपासून घ्या म्हटलं असतं.

बाकीचं पटकन सांगतो. स्क्रीन फुल एचडी आणि आयपीएस (बाजूनेही रंग नीट दिसणारी) हवी. टीएन पॅनल जरा तिरकं पाहिलं की रंग उडतात. स्टोरेजच्या जागी ‘ईएमएमसी’ (एसएसडीपेक्षा संथ प्रकार) दिसलं तर नको. विंडोज आत आहे की डीओएस (म्हणजे विंडोज वेगळं घ्यावं लागेल) आहे, आणि ऑफिस कायमचं आहे की एका वर्षाचं, हे वाचा.

मग घ्यायचा कोणता? त्याच पैशांत, किंवा तीन-चार हजार वाढवून, १२३५यू किंवा ७५३०यू शोधा, ज्यात ८ जीबी असली तरी एक रॅम स्लॉट रिकामा आहे. स्लॉटची माहिती कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर पूर्ण मॉडेल नंबर टाकून तपासा, विक्रेत्याच्या पानावर ती बऱ्याचदा चुकीची असते. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव खूप चढलेत, त्यामुळे १६ जीबीचंच मॉडेल बजेटमध्ये बसत असेल तर ते आधी घ्या. मॉडेल जुनं म्हणून सूट मिळत असेल तर त्यात काहीच वाईट नाही. बारावी पिढी २०२२ ची असली तरी तिच्या कामाला पुरून उरेल.

पार्सल आल्यावर बॉक्स उघडण्याआधी मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा, कारण बिघाड निघाला तर बदलून मिळायला तोच पुरावा. बॉक्सवरच्या स्टिकरवर उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. ते दोन वर्षांपूर्वीचं असेल तर बॅटरी तेवढा काळ गोदामात पडून होती. त्याच दिवशी सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपर्यंत दाखवतेय ते बघा. बिलाच्या तारखेपासून मोजलेली नसेल तर बिल अपलोड करून लगेच दुरुस्त करून घ्या. महिने उलटले की या दुरुस्तीला फार खेटे घालावे लागतात.

उद्या रात्रीची घाई करू नका. दुसरा एखादा लॅपटॉप डोळ्यासमोर असेल तर त्याचा पूर्ण मॉडेल नंबर इथे लिहा, मी बघून सांगतो.