कॅनडात कमाई नसताना कार्बन रिबेट मिळतो का? मागचे पैसे आता मागता येतील का?

तुम्ही लिहिलंय की ऑगस्ट २०२३ मध्ये ओंटारियोत शिकायला आलात, कमाई नव्हती म्हणून टॅक्स रिटर्न भरलंच नाही, आणि आता कार्बन टॅक्सच बंद झाला तर रिबेटचे पैसे बुडाले का? बुडाले नाहीत. पण "कमाई नाही म्हणजे रिटर्न नाही" हे ज्ञान ज्यानं दिलं त्याचं पुढे काही ऐकू नका. हा रिबेट म्हणजे इंधनावरच्या कार्बन टॅक्सपोटी सरकार लोकांना परत द्यायचं ते पैसे, आणि ते कमाई बघून मिळतच नव्हते. लखपती असो की बेकार, ओंटारियोतल्या एकट्या माणसाला रक्कम सारखीच. रिटर्न मात्र भरावं लागायचं, शून्याचं का असेना.

वय १९ किंवा त्याहून जास्त असेल आणि टॅक्सच्या दृष्टीनं तुम्ही इथले रहिवासी ठरत असाल, तर हिशोब असा: ऑक्टोबर २०२३ आणि जानेवारी २०२४ चे १२२-१२२ डॉलर, त्यासाठी नव्यानं आलेल्यांचा आरसी १५१ फॉर्म. एप्रिल २०२४ ते जानेवारी २०२५ असे चार वेळा १४०, ते २०२३ च्या रिटर्नवर. एप्रिल २०२५ चे शेवटचे १५१, ते २०२४ च्या रिटर्नवर. बेरीज ९५५. रिटर्नमध्ये "इथे क्लेम करा" असा रकाना शोधत बसू नका. २०१८ ते २०२० या वर्षांच्या रिटर्नला शेड्यूल १४ जोडून मागावं लागायचं, तो प्रकार संपला.

आमच्या घरात या विषयावरून जे रामायण झालंय, त्याचं मूळ इथेच आहे. पहिली काही वर्षं ही रक्कम रिफंडमध्येच मिसळून यायची. वेगळी दिसायचीच नाही. जुलै २०२२ पासून दर तीन महिन्यांनी थेट खात्यात यायला लागली, तर बँकेच्या यादीत भलतंच काहीतरी मोघम नाव. टॅक्स मात्र कसा, गॅसच्या बिलावर स्वतंत्र ओळीत, ठळक.

माझे मोठे दीर ब्रॅम्प्टनला राहतात, रेनोव्हेशनची कामं घेतात. दर हिवाळ्यात ते घर तापवणाऱ्या फर्नेसच्या गॅसचं बिल काढायचे, कार्बन चार्जच्या ओळीवर पिवळा मार्कर फिरवायचे आणि सिद्धिविनायकाच्या मॅग्नेटखाली फ्रिजला लावायचे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला आधी त्याचं दर्शन, मग चहा. "दहा घरांतल्या आठांना जास्त परत मिळतं म्हणे! मला एक सेंट मिळालेला नाही." मी म्हणायची, भाऊजी, ताईंच्या खात्यात बघा. त्यावर ठरलेलं उत्तर: "तिच्या खात्यात कशाला येतील? गाडी मी चालवतो!"

आता नियम ऐका. नवरा-बायकोत रिबेट एकालाच, ज्याचं रिटर्न आधी तपासून होईल त्याच्या खात्यात. दिरांचा स्वतःचा धंदा, त्यांना १५ जूनपर्यंत मुदत, म्हणजे ते १४ जूनला जागे होणार. आमच्या जाऊबाई नोकरीवाल्या, मार्चच्या सुरुवातीला रिटर्न भरून मोकळ्या. दरवर्षी पैसे कुणाकडे जाणार, तुम्हीच सांगा.

जानेवारी २०२५ ला संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीच हप्ता आला होता. त्या आठवड्यातल्या हळदीकुंकवाला दिरांनी बायकांसमोर पुन्हा तेच बिल दाखवलं. मी सरळ म्हटलं, ताई, फोन आणा. त्या आधी तिळाच्या वड्या कापायला वळल्या, मग हात पुसले, मग चष्मा शोधला. १५ जानेवारीला २८० डॉलर, कॅनडा कार्बन रिबेट, नाव अगदी ठसठशीत. खाली ऑक्टोबरचे २८०, जुलैचे २८०. ताई शांतपणे म्हणाल्या, "ते होय? ते माझ्या भिशीचे."

कळलं? बाईला सगळं ठाऊक होतं.

दिरांनी लगेच टॅक्सचा हिशोब मांडला. मीही मांडला, त्याच बिलाच्या पाठीवर. तेव्हा पेट्रोलवर लिटरला १७.६१ सेंट. आठवड्याला ५० लिटरची एक टाकी धरली तर वर्षाचे साधारण ४५८ डॉलर. फर्नेसच्या गॅसवर घनमीटरला १५.२५ सेंट, वर्षाला २२०० घनमीटर जाळले तर ३३५. वर एचएसटी हा विक्रीकर, म्हणजे सगळे मिळून नऊशेच्या आत. चौघांच्या कुटुंबाला परत मिळायचे ११२०. भाऊजींनी बिल उलटं करून पुन्हा फ्रिजला लावलं, मार्करची बाजू वर.

माझं स्पष्ट मत आहे की हा टॅक्स लोकांनी नव्हे, सरकारच्या गचाळ जाहिरातीनं मारला. सुप्रीम कोर्टात २०२१ ला टिकला आणि स्वयंपाकघरात हरला. मार्क कार्नी पंतप्रधान झाले, १४ मार्च २०२५ ला घोषणा झाली, १ एप्रिलपासून दर शून्य, २२ एप्रिलला शेवटचा हप्ता. पंपावर भाव उतरला तेव्हा दिरांनी आम्हाला फोटो पाठवला. जुलैत ताईंनी त्यांच्याकडे भिशीचे २८० मागितले, तेव्हा कुठे उशिरानं पेटलं की उतरलेल्या भावातून ते आता आपल्याच खिशातून जाणार.

त्यांची एक बाजू खरी आहे, तीही सांगते, नाहीतर म्हणतील एकतर्फी लिहिलं. वरचा हिशोब घरच्या गाडीचा आहे. कामाच्या व्हॅनचं इंधन वेगळं, आणि छोट्या धंद्यांसाठीचा जो रिबेट निघाला तो फक्त नोंदणीकृत कंपन्यांना. स्वतःच्या नावावर काम करणाऱ्याला त्यातलं काही नाही. तिथे त्यांच्यावर अन्यायच झाला. पण मग तेवढंच बोलावं ना, "एक सेंट मिळाला नाही" कशाला?

तर तुम्ही: लग्न झालेलं असेल तर दोघांची रिटर्नं भरा आणि पैसे कुणाच्या खात्यात आले ते सीआरएच्या, म्हणजे टॅक्स खात्याच्या, वेबसाइटवरच्या माय अकाउंटमध्ये बघा, मगच भांडा. टोरंटोसारख्या मोठ्या शहरी पट्ट्याबाहेर राहत असाल तर ग्रामीण भागाच्या जादा रकमेसाठी रिटर्नमधल्या चौकोनात खूण करा, २०२४ पासून ती २० टक्के होती. क्वेबेकला हे लागू नव्हतं, त्यांची पद्धत वेगळी, आणि ब्रिटिश कोलंबियाचा स्वतःचा कारभार होता. मी अकाउंटंट नाही, घरातल्यांची रिटर्नं भरते एवढंच. आणि रेंगाळू नका. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारनं ३० ऑक्टोबर २०२६ ही तारीख मांडली आहे, त्यानंतर भरलेल्या रिटर्नवर हा रिबेट नाही.